मामा मीटर घेतात

एखादी वस्तू घ्यायचं नक्की करून ती न घेता माणूस किती वर्षं काढू शकतो, याचा विक्रम माझ्या मामेसासऱ्यांच्या नावावर आहे आणि तो या जन्मात तरी कुणी मोडेल असं मला वाटत नाही. हे माझ्या बायकोचे मामा. केडगावला राहतात. नगरच्या एका हायस्कुलात सारी हयात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. अंगानं शिडशिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक लिहायला आणि दुसरं पहिल्यानं दगा दिला तर, आणि कपाळावर कायमची एक आठी. नवख्या माणसाला ती आठी रागाची वाटते. ती तुलनेची आठी आहे. मामांच्या डोक्यात सतत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्यातली बरी कुठली हे अजून ठरायचं असतं. त्यांच्या घरात प्रेशर कुकर आला तो माझ्या लग्नाच्या वर्षी, आणि तोही आमच्या आहेरात आलेल्या चार कुकरांपैकी एक आम्ही तिकडे नेऊन ठेवला म्हणून. त्याआधी सात वर्षं मामा बाहेरच्या झाकणाचा कुकर आणि आतल्या झाकणाचा कुकर या दोन जातींचा अभ्यास करत होते. मामी तोवर पातेल्यात डाळ शिजवत होत्या. "त्यांचा अभ्यास होऊ दे," त्या म्हणायच्या, "डाळ काय, तशीही शिजतेच."

एकदा मी मामांबरोबर एसटीनं पुण्याला निघालो. गाडी स्टँडवर लागली तेव्हा निम्मी रिकामी होती. मी चढणार तेवढ्यात मामांनी माझा दंड धरला आणि सूर्याकडे पाहायला सुरुवात केली. सकाळची वेळ, नैर्ऋत्येकडे जाणारा रस्ता, म्हणजे ऊन डाव्या अंगाला. पण सुप्याच्या पुढं रस्ता थोडा वळतो, आणि शिरूर येईस्तोवर सूर्यही काही जागेवर बसून राहत नाही. हे सगळं त्यांनी मला हवेत बोटानं रेघा काढून समजावलं. गणित सुटून उत्तर "उजवी बाजू" असं आलं तेव्हा गाडीत फक्त उभं राहायला जागा होती. शिक्रापूरपर्यंत आम्ही दोघं दांड्याला लोंबकळत गेलो. मामा मात्र मधूनमधून उजवीकडे बसलेल्या लोकांकडे बोट दाखवून मोठ्या समाधानानं म्हणत होते, "बघा, सावलीच आहे की नाही!"

अशा माणसानं लग्नाला होकार कसा दिला असेल, असं मी एकदा मामींना विचारलं. मामांनीच तो प्रश्न अंगावर घेतला. चष्मा पुसून, नीट आठवून म्हणाले, "तेव्हा दुसरं स्थळच आलं नव्हतं." मामी म्हणाल्या, "नशीब माझं." कुठल्या अर्थानं म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

मामांना रेडिओचा नाद आहे. रेडिओ ऐकण्याचा नव्हे, त्यावरून बोलण्याचा. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, घरावर तार बांधायची आणि आपल्यासारख्याच नादिष्ट लोकांशी हवेतून गप्पा मारायच्या, अशा लोकांना हॅम म्हणतात. परीक्षेत मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची, कडकट्टही होती. मामा ती परीक्षेपुरती शिकले आणि परीक्षेबरोबर विसरले, कारण त्यांना आवडायचं ते बोलणं. बोलण्याचा संच त्यांना निवडावा लागला नाही हे सगळ्यांचं भाग्य. पुण्याचे एक वयस्कर हॅम मुलाकडे परदेशी निघाले आणि जाताना आपला जुना शंभर वॅटचा संच मामांच्या मांडीवर ठेवून गेले. त्याची तार गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून शेजाऱ्यांच्या शेवग्यापर्यंत ताणली आहे. शेजाऱ्यांनी परवानगी देताना एकच अट घातली होती, की तारेविषयी आपल्याला काही समजावून सांगायचं नाही.

रोज सकाळी साडेसहाला मामा संचापुढं बसतात. गेली अकरा वर्षं त्या वेळेला पलीकडे एकच माणूस असतो. कर्जतच्या पुढं एका वस्तीवर राहणारा शेतकरी. सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या दलात, हवालदार होता, पेन्शन घेऊन गावी आला, शेती बघू लागला आणि हाताची सवय जाईना म्हणून त्यानंही परवाना काढला. मामा त्याला हवालदारसाहेब म्हणतात, तो मामांना मास्तर. अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. कर्जत काही लंडनला नाही, पण जायचं तर कोणत्या ऋतूत जावं हे मामांचं ठरत नव्हतं. मी काही वेळा सकाळीच केडगावला गेलेलो असताना त्यांच्या गप्पा ऐकल्या आहेत. मामा पाऊस, हवेचा दाब, आदल्या दिवशी खाल्लेल्या वांग्याचा परिणाम असं सगळं मुद्देसूद सांगायचे आणि पलीकडून खणखणीत, हसरा आवाज यायचा, "व्हय मास्तर, बरोबर हाय. आमच्याकडं कांदा बरा हाय. ओव्हर."

मग हळूहळू तो आवाज म्हणायला लागला, "परत सांगा मास्तर." आधी एखादेवेळी, मग रोज. "तुमचा सिग्नल लई पडतोय. परत सांगा." मामा परत सांगायचे, जोरात सांगायचे, इतक्या जोरात की शेवग्यावरचे कावळे उडायचे आणि मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "तुम्ही रेडिओ बंद करून नुसते ओरडलात तरी कर्जतला जाईल." नागपूरच्या एका हॅमनं मामांना सांगितलं की तुमचा सिग्नल पाच-नऊ येतोय, म्हणजे अगदी पहिल्या प्रतीचा. मामांनी ते मनावर घेतलं नाही. "तो सज्जन माणूस आहे. तो सगळ्यांनाच पाच-नऊ देतो," ते म्हणाले. "माझ्या तारेत दोष आहे. मीटर घ्यायला हवा."

हा मीटर म्हणजे काय, ते मामांनी आम्हाला एका रविवारी जेवताना समजावलं. संच आणि तार यांच्यामध्ये तो जोडायचा. आपण पाठवलेल्या ताकदीपैकी किती तारेकडे गेली आणि तारेनं किती परत फिरवली हे तो दाखवतो. परत येणं जास्त असेल तर तारेत काहीतरी बिघडलंय. मामींनी हे लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे डब्यात दिलेली भाजी किती खाल्ली नि किती परत आणली, तेच ना?" त्या म्हणाल्या. तीस वर्षं डबे भरलेल्या बाईला याहून सोपं करून सांगायची गरज नव्हती. मामा घास ताटात ठेवून म्हणाले, "जवळजवळ तेच."

तिथून पुढं दोन वर्षं मीटरची निवड चालू होती. त्यासाठी दोनशे पानी नवी वही उघडली गेली. एका काट्याचा मीटर घ्यावा, तर दर वेळी आधी बटण फिरवून काटा टोकाला आणून ठेवायचा आणि मग वाचायचं, "तोवर हवालदारानं काय करायचं?" दोन काट्यांच्या मीटरात एक काटा जाणारी ताकद दाखवतो, दुसरा परत येणारी, आणि दोन्ही जिथं एकमेकांना छेदतात तिथं उत्तर असतं. हे मामांना फार आवडलं होतं, पण छेदाच्या त्या बारीक रेघा आपल्या चष्म्याला दिसतील का, ही शंका निघाली. शंका घेऊन ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, मीटर कुठाय? मामा म्हणाले, तो तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे. आकडे दाखवणारा मीटर घ्यावा, तर "आकडा नुसता उत्तर देतो हो. काट्याला मन असतं. तो घुटमळतो, उडी मारतो, दमतो." शिवाय बोलताना माणसाचा आवाज वरखाली होतो, त्यामुळं साधा काटा सरासरीच दाखवतो, शिखर धरून ठेवणारा काटा वेगळा मिळतो. "वर्गाची सरासरी बघायची की पहिल्या नंबराचे मार्क, असा प्रश्न आहे," मामा म्हणाले, आणि हा प्रश्न त्यांनी शाळेतही कधी सोडवलेला नव्हता.

पुण्याला या वस्तूंचं एक दुकान आहे. तिथल्या विक्रेत्याला मामांचा फोन इतका पाठ झाला होता, की मामांनी नाव सांगायच्या आत तो म्हणायचा, "थांबा सर, मी जरा बसतो." एकदा हॅम मंडळींच्या मेळाव्यात एक जुना, छान राखलेला दोन काट्यांचा मीटर विकायला आला होता. मामांनी तो हातात घेतला, उलटा केला, कानाशी हलवला, उन्हात धरला. मग वही काढायला पिशवीत वाकले. वर येईपर्यंत साताऱ्याच्या एका माणसानं तो घेतलेला होता. मामांनी त्या माणसाचं अभिनंदन केलं आणि तासभर त्याला त्या मीटरमधले दोष सांगितले.

या सगळ्यात आम्ही हसत होतो, आणि तिकडे साडेसहाच्या गप्पा आखडत चालल्या होत्या, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. एका सकाळी मामांनी एकच वाक्य तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा पलीकडून "परत सांगा" आलं. मग थोडी खरखर, आणि तो हसरा आवाज म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. उद्यापास्नं तरास नका घेऊ. तुमचं काय बी ऐकू येईना. मी आता सेट गुंडाळून ठिवतो. लई वर्सं बोललो आपन, लई बरं वाटलं. ओव्हर." मामा माइक दाबून "हवालदारसाहेब, थांबा, थांबा" म्हणत राहिले. पलीकडे कुणी नव्हतं.

सात वाजता मला फोन आला. "गाडी काढता का? पुण्याला जायचंय. मीटर आणायला." मी विचारलं, "कुठला?" मामा म्हणाले, "असेल तो."

माझा विश्वास बसला नाही, आणि दुकानातल्या विक्रेत्याचाही बसला नाही. मामांना प्रत्यक्ष पाहून तो आधी उभा राहिला, मग त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कपाटातले सगळे मीटर टेबलावर मांडायला घेतले. पहिलाच ठेवला होता, दोन काट्यांचा. मामा म्हणाले, "हा द्या." चहा यायच्या आत आम्ही बाहेर होतो. विक्रेता दारापर्यंत आला. "सर, नक्की?" त्यानं काळजीनं विचारलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

दुपारी मामांनी मीटर जोडला. काटा स्थिर राहावा म्हणून बोलण्याऐवजी शिट्टी वाजवायची असते. मामांनी माइक तोंडाशी धरून लांबलचक शिट्टी घातली. स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "या वयात!" पण मामांचं लक्ष नव्हतं. एक काटा ताठ उठून नव्वदच्या पुढं गेला. दुसरा तळाशी जेमतेम हलला. तारेत दोष नव्हता. संचात दोष नव्हता. सगळं जसंच्या तसं बाहेर जात होतं. मी म्हटलं, "अहो, उत्तम आहे की!" मामा मीटरकडे बघत बसले होते. त्यांची आठी मी पहिल्यांदाच नाहीशी झालेली पाहिली आणि तिच्याशिवाय तो चेहरा मला ओळखू येईना. "म्हणजे माझं सगळं पोचतंय," ते हळूच म्हणाले. "मग त्यांना काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कर्जतला निघालो. ऋतूचा विषय निघाला नाही. मीटर टॉवेलात गुंडाळून मामांच्या मांडीवर होता. हवालदाराची तार तुटली असेल, गंजली असेल, तपासून देऊ, असं ते वाटेत दोन-तीनदा म्हणाले. विचारत विचारत वस्तीवर पोचलो. हवालदाराच्या पत्नी नऊवारी खोचून अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी मामांचं नाव सांगितलं तर त्यांना काही कळलं नाही. मग मामा म्हणाले, "मी मास्तर. रेडिओवरचा." बाईंच्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं.

"मास्तर? तुमी?" त्या उठल्या. "तकडं हायेत, गोठ्यात."

गोठ्यात एक आडव्या बांध्याचा धिप्पाड माणूस आमच्याकडे पाठ करून म्हशीला पेंड कालवत होता. मामांनी हाक मारली, "हवालदारसाहेब!" त्यानं वळून पाहिलं नाही. मामांनी पुन्हा हाक मारली, सकाळी साडेसहाला मारायचे तशी. म्हशीनं वळून पाहिलं. तो पेंड कालवत राहिला.

"हात लावा त्येन्ला," बाई मागून म्हणाल्या. "ऐकू येत न्हाई. दोन सालं झाली. आदी थोडं थोडं यायचं, आता कायच न्हाई. कानाचं मशीन आनलं हुतं नगरवरनं, पन त्या रेडिओफुडं नुसती शिट्टी वाजायची त्यात." मग पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "मास्तरान्ला सांगू नगं म्हनले हुते. तुमचं बोलनं अर्दंमुर्दं कळायचं, बाकी अंदाजानंच व्हय व्हय करायचे. त्येंला वाटायचं, कळलं तर तुमी बोलायचं बंद कराल."

 टॉवेलातला मीटर मामांनी माझ्याकडे दिला आणि पुढं गेले. त्या माणसाच्या खांद्यावर त्यांनी एक बोट ठेवलं, आणि मी बघतच राहिलो. ते बोटानं खांद्यावर वाजवत होते. टिंब, रेघ, मध्ये थांबून, आठवून, पुन्हा. हॅम लोकांना सरकारकडून एक खूण मिळते, चार-पाच अक्षरं आणि आकडा, तेच त्यांचं हवेतलं नाव. मामा आपलं नाव मोर्समध्ये त्या खांद्यावर लिहीत होते.

पेंड कालवणारा हात थांबला. तो माणूस न वळताच म्हणाला, "मास्तर?" मग वळला. मामांना खालपासून वरपर्यंत बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. "शेवटच्या अक्षरात एक टिंब कमी पडलं, मास्तर," तो म्हणाला, आणि पेंडीनं भरलेल्या हातांनीच त्यानं मामांना मिठी मारली.

मीटर आणलाच होता म्हणून मामांनी त्याच्या संचालाही जोडून बघितला. हवालदारानं दोन्ही काटे निरखले आणि म्हणाला, "समदं ठीक हाय की. यंत्र चांगलं हाय, मानूसच बिघडलाय." मामा पाटीवर खडूनं लिहून बोलत होते, तो तोंडानं उत्तर देत होता. बोलता बोलता मामांनी संचाच्या स्पीकरपुढची जाळी काढली, आतला आवाजानं थरथरणारा कागद उघडा केला आणि हवालदाराचं बोट धरून त्यावर टेकवलं. खरखर बोटाला लागत होती, म्हणजे टिंब-रेघाही लागणार होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सिग्नलमध्ये उभी जवानी गेलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागलं नाही.

त्या दिवसापासून केडगावच्या घरात कडकट्ट सुरू झाली. मामा जेवताना ताटावर चमच्यानं वाजवायचे, आंघोळीला बादलीवर, देवळात घंटेवर. देवळातलं मामींनी बंद केलं. पण मामांनी महिन्याभरात हात बसवला, आणि आता रोजची व्यवस्था अशी, की हवालदार तोंडानं बोलतो आणि मामा संचाला जोडलेल्या कळीवर मोर्स ठोकून उत्तर देतात, इंग्रजी अक्षरांत मराठी. आयुष्यभर मुद्देसूद बोललेल्या माणसाला एकेक अक्षर हातानं ठोकून पाठवायचं म्हणजे काय, ते मी पाहिलंय. पहिल्या दिवशी मामांनी दीड पान मजकूर आधी लिहून काढला होता. पाव तासानं पलीकडून आवाज आला, "मास्तर, बोट बधिर झालं. थोडक्यात सांगा."

आता त्यांच्यापुढं कागद असतो. आधी सगळं लिहितात, मग एकेक शब्द खोडत बसतात. गुडघ्याचं दुखणं खोडतात, हवेचा दाब खोडतात, वांगी खोडतात. आवाज फार आवडायचा म्हणे हवालदाराला आपला, असं ते एकदा मला म्हणाले आणि लगेच उठून पाणी प्यायला गेले.

परवा थंडीत मी सकाळी तिकडे होतो. मामी चहा टाकत होत्या. साडेसहा झाले आणि स्पीकरमधून हवालदाराचा आवाज आला. ऐकू येत नसल्यामुळं तो आता फार मोठ्यानं बोलतो. त्याला पलीकडे कुणी आलंय की नाही हे कळत नाही, म्हणून रोज आधी तोच विचारतो, आणि स्पीकरवर बोट ठेवून वाट बघतो.

"हाय का मास्तर?"

मामांपुढच्या कागदावर चार ओळी लिहिलेल्या होत्या. त्यांनी त्या वाचल्या, कागद बाजूला सारला आणि हात कळीवर ठेवला. ए, एच, ई. टिंब आणि रेघ, मग चार टिंबं, मग एक टिंब. आहे.

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग पलीकडून तो मोठा आवाज आला, आणि तरीही हळू वाटला.

"आलं, मास्तर. बोटाला आलं."